ड्रेडनं बटण दाबलं १९८२ ला, बिल आलं २०१२ ला

आधीच सांगून टाकते, खाली सगळे स्पॉयलर आहेत, शेवटासकट. ज्यांना जज ड्रेडचं 'डे ऑफ केऑस' कोऱ्या पाटीनं वाचायचंय त्यांनी इथूनच मागं फिरावं, नंतर माझ्या नावानं खडे फोडू नयेत.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. जज ड्रेड म्हणजे २००० एडी नावाच्या ब्रिटिश साप्ताहिक कॉमिकमधला हीरो, आता हीरो म्हणायचं की नाही हाच मोठा वाद आहे पण त्याकडे येते. साप्ताहिक सुरू झालं फेब्रुवारी १९७७ ला आणि ड्रेड आला दुसऱ्या अंकात, मार्चमधे. लेखक जॉन वॅग्नर, चित्रकार स्पेनचा कार्लोस एझकेरा, आणि पाठीमागून ढकलणारा संपादक पॅट मिल्स. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अणुयुद्धानंतर उरलेलं एक अवाढव्य शहर आहे, मेगा-सिटी वन, आणि तिथं पोलीस वेगळे, वकील वेगळे, कोर्ट वेगळं अशी भानगडच नाही. जज मोटरसायकलवरून येतो, गुन्हा बघतो, तिथल्या तिथं शिक्षा ठोकतो, ती शिक्षा कधी कधी गोळी पण असते. मेयर वगैरे निवडून देतात लोक, पण ते आपलं नावापुरतं, खरं सरकार म्हणजे जजच.

वॅग्नरनं हे पात्र डर्टी हॅरी टाइप कडक पोलीस डोक्यात ठेवून सुरू केलं आणि मग त्याला थेट हुकूमशाहीत नेऊन बसवलं. गंमत ही आहे की तुम्ही वाचताना चिडत नाही, तुम्ही ड्रेडच्या बाजूनं असता. समोरचा गुंड इतका नालायक असतो की गोळी लागली की बरं वाटतं. आपल्याकडे ९० च्या दशकात मुंबईत एन्काउंटर करणाऱ्या अधिकाऱ्यांचे पेपरात फोटो यायचे, कोणी किती मारले याचे आकडे यायचे, आणि घरोघरी लोक "बरं झालं मेला" म्हणायचे, तसंच काहीसं. ड्रेड वाचताना आपल्यातलं ते "बरं झालं" वर येतं आणि कॉमिक ते बघून गालातल्या गालात हसत असतं. हे कळायला मला बरेच खंड जावे लागले, सुरुवातीला मी पण नुसती मारामारी बघूनच खूश होते.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्याशिवाय 'डे ऑफ केऑस'चा शेवट समजणारच नाही. या कॉमिकमधे कॅलेंडर खरं चालतं. १९७७ मधे कथेत २०९९ साल होतं, म्हणजे १२२ वर्षं पुढे, आणि तो फरक आजतागायत तेवढाच आहे. आपलं एक वर्ष गेलं की तिकडे पण एक वर्ष जातं. मी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढले, त्याचा पण चेहरा कधी दाखवत नाहीत, ड्रेडचा पण दाखवत नाहीत, हेल्मेट कधी निघत नाही, त्यामुळे मला आधी वाटलं दोघं एकाच जातकुळीचे. पण वेताळाची युक्ती काय तर बापाचा मुखवटा पोरानं घालायचा आणि जंगलातल्यांना वाटत राहणार की हा अमर आहे. इथं उलटं आहे, ड्रेड एकच आहे आणि तो म्हातारा होत जातो. जे पात्र मेलं ते मेलं (डार्क जजेस नावाचे खलनायक सोडून, ते मुळात मेलेलेच आहेत). शहराचा भाग उडवला तर पुढच्या वर्षी तो परत उभा दिसत नाही. अमेरिकन सुपरहीरोंच्या कॉमिकमधे दर काही वर्षांनी सगळं पुसून नव्यानं सुरू करतात ना, ते इथं नाही, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षांचं सगळं पापपुण्य जमा होत जातं.

तर १९८२. शीतयुद्ध ऐन भरात, ब्रिटनमधे भीती अगदी खरी होती. अणुबॉम्ब पडला तर घरात काय करायचं याची पुस्तिका सरकारनंच १९८० मधे काढली होती, घरातली दारं काढून भिंतीला तिरकी टेकवा आणि त्याच्याखाली बसा असला सल्ला होता त्यात, खरंच. ग्रीनहॅम कॉमनला क्रूझ मिसाइल नकोत म्हणून बायका तिथल्या हवाई तळाबाहेर ठाण मांडून बसल्या होत्या. आणि त्याच वेळी शाळकरी पोरांसाठी निघणाऱ्या एका साप्ताहिकात वॅग्नर आणि त्याचा जोडीदार अ‍ॅलन ग्रँट यांनी ठरवलं की आपल्या शहरावर बॉम्ब टाकू. दोघं मिळून टी. बी. ग्रोव्हर या टोपणनावानं लिहायचे.

सुरुवात होते 'ब्लॉक मेनिया'नं. मेगा-सिटीत लोक ब्लॉकमधे राहतात, एकेक ब्लॉक म्हणजे अख्खं गाव उभं केल्यासारखा टॉवर. ऑर्लॉक नावाचा सोव्हिएत एजंट शहराच्या पाण्यात औषध मिसळतो, लोकांची डोकी फिरतात आणि शेजारशेजारचे ब्लॉक एकमेकांवर तुटून पडतात. आधी हे विनोदी वाटतं, दोन सोसायट्यांचं पार्किंगवरून भांडण व्हावं तसं, मग हळूहळू विनोद ओसरतो. हा भाग मॅकमॅहन, रॉन स्मिथ, स्टीव्ह डिलन, ब्रायन बोलंड अशा चौघांनी काढलाय. आणि शहर असं आतून पोखरून झालं की मग 'द अपोकॅलिप्स वॉर', आणि ते मात्र सगळंच्या सगळं एकट्या एझकेरानं काढलं, आठवड्यामागून आठवडे. त्याची ती जाड तुटक रेघ, उद्ध्वस्त इमारतींचे सांगाडे, प्रत्येक चेहऱ्यावर राख, मला तर वाटतं हे त्याचं सगळ्यात मोठं काम.

ईस्ट-मेग वन, म्हणजे सोव्हिएतांची मेगा-सिटी, मिसाइल सोडतं. ८० कोटींच्या शहरातले ४० कोटी लोक मरतात. मेगा-सिटी उलटी मिसाइल सोडते पण सोव्हिएतांनी एक कवच बनवलेलं असतं, त्याला लागलेलं मिसाइल सरळ दुसऱ्या मितीत जातं, आणि त्या दुसऱ्या मितीत एक छान शांत पृथ्वी असते, कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती बिचारी काही पॅनेलमधे जळून खाक होते आणि कथा पुढे सरकते, कोणी मागं वळून बघत पण नाही. इतका काळा विनोद मी पोरांच्या कॉमिकमधे दुसरीकडे कुठे बघितला नाहीये. चीफ जज ग्रिफिन पकडला जातो, त्याचं ब्रेनवॉशिंग करून त्याला टीव्हीवर शरणागती पत्करा म्हणून बोलायला लावतात, आणि ड्रेड आपल्याच प्रमुखाला लांबून गोळी घालून मारतो. मग अँडरसन आणि बाकी मूठभर जज घेऊन तो थेट शत्रूच्या मुलखात घुसतो, मिसाइलचा तळ ताब्यात घेतो, आणि ईस्ट-मेग वनवरच त्यांची मिसाइल लावतो.

तिकडून गयावया होते. ड्रेड म्हणतो, विनंती नामंजूर. बटण. ५० कोटी माणसं.

हे पान मी किती वेळा उघडलं असेल कुणास ठाऊक. त्या क्षणी तुम्ही ड्रेडच्या बाजूनं असता हा यातला खरा डाव आहे. इतके आठवडे तुमचं शहर जळताना बघितलंय, सोव्हिएत एकजात खलनायक दाखवलेत, आणि मग तो बटण दाबतो तेव्हा "हाण" असंच वाटतं. त्या ५० कोटींमधे शाळा होत्या, दवाखाने होते, कोणीतरी पोळ्या लाटत होतं हे डोक्यात येत नाही कारण कॉमिक तुम्हाला ते दाखवतच नाही. तिथं नुसता एक मशरूमसारखा ढग.

दाखवलं ते तीस वर्षांनी.

मधल्या काळात हे प्रकरण पूर्ण गाडलं होतं असं नाही. १९९९ च्या एका मोठ्या कथेत ऑर्लॉक ड्रेडला पळवून नेतो आणि त्याच्यावर युद्धगुन्ह्याचा खटला चालवतात ईस्ट-मेगचे उरलेले लोक. कल्पना जबरदस्त, पण शेवटी ड्रेड सुटतोच, आणि वाचून झाल्यावर हिशोब तसाच लोंबकळत राहतो. मला तर वाटायचं आता हे असंच राहणार.

दुसरीकडे ड्रेड स्वतः बदलत होता, आणि हे विसरून चालणार नाही नाहीतर लोकांना वाटतं तो दगड आहे. त्यानंच आग्रह धरून शहरात सार्वमत घेतलं, जज हवेत की लोकशाही, १९९१ ची गोष्ट आहे, आणि लोकांनी जजच निवडले, यावर खरं तर वेगळी पोस्ट लिहायला हवी. मग २००६-०७ च्या 'ओरिजिन्स'मधे ज्या फार्गोच्या पेशींपासून ड्रेडचा क्लोन बनवला तो फार्गो, जज पद्धत उभी करणारा पहिला चीफ जज, मरता मरता त्याला सांगतो की ही जज पद्धत कायमची ठेवायची कधीच नव्हती. विचार करा, ज्या बापाच्या नावानं आयुष्य काढलं तोच म्हणतो चुकलं. त्यानंतर ड्रेड म्युटंट, म्हणजे किरणोत्सर्गानं शरीर बिघडलेल्या, लोकांवरचे कायदे बदलायला लावतो, त्यापायी हर्शी नावाच्या चीफ जजचं पद जातं, डॅन फ्रान्सिस्को नावाचा टीव्हीवर गाजलेला जज तिच्या जागी येतो, आणि ड्रेडची रवानगी शहराबाहेर म्युटंटांच्या वस्तीवर पहारा द्यायला. म्हणजे २०११ उजाडेपर्यंत हा साठी ओलांडलेला माणूस आहे, आयुष्यात पहिल्यांदा थोडा बरा विचार करायला लागलाय, आणि बरोबर तेव्हाच वॅग्नर जुनी फाइल उघडतो. क्रूर आहे पण काय टायमिंग आहे.

'डे ऑफ केऑस' सुरू झालं जुलै २०११ च्या सुमारास, अंक १७४३, आणि संपलं २०१२ च्या मध्यावर, अंक १७८९. आठवड्याला पाच-सहा पानं. माझा मावसभाऊ तेव्हा मँचेस्टरला होता, तो दर आठवड्याला अंक घ्यायचा आणि मला फोनवर त्याची स्टोरी सांगायचा, मी इकडे "दादा नको सांगूस, मी नंतर पुस्तक घेणारे" म्हणायची आणि ऐकायची पण. शेवटी शेवटी मीच विचारायला लागले, आता तरी लस सापडली का. तो म्हणायचा, "अगं थांब, सापडेल, असं अख्खं शहर थोडीच मारतील." सगळ्यांनाच असं वाटत असणार, कारण आपल्याला सवयच ती आहे, शेवटच्या दोन भागात काहीतरी उपाय निघतो, कुठला तरी शास्त्रज्ञ धावत येतो.

गोष्ट साधी आहे. ईस्ट-मेग वनमधून वाचलेले काही लोक आहेत, त्यांचा म्होरक्या बोरिसेंको नावाचा म्हातारा. त्यांना शहर जिंकायचं नाही, खंडणी नकोय, कैदी सोडवायचे नाहीत, काही म्हणजे काही मागणी नाही. फक्त आमचं जे झालं ते तुमचं व्हावं. ते एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला पळवतात, त्याच्याकडून एक रोग बनवून घेतात, केऑस बग. ज्याला झाला त्याचं डोकं फिरतं, तो दिसेल त्याच्यावर हल्ला करतो, आणि मग मरतो. आता परत 'ब्लॉक मेनिया' आठवा, पाण्यात औषध, लोकांची डोकी फिरली, शेजारी शेजाऱ्याच्या उरावर बसला. तीच चाल आहे, फक्त त्या वेळी ती युद्धाची तयारी होती आणि आता तेच युद्ध. मला हे दुसऱ्या वाचनात लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. आणि तो रोग पसरवतात कसा, तर त्यांची माणसं स्वतःला लागण करून घेतात आणि गर्दीत फिरतात. तिकडे मिसाइल लागलं होतं, इकडे नुसतं शेजारी उभं राहिलं तरी पुरे.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे जजना हे आधीपासून माहीत असतं. त्यांच्याकडे भविष्य दिसणारे जज असतात, हेनेसी नावाची एक आहे, ती सांगते की काहीतरी भयानक येतंय. बोरिसेंकोचा तपास पण लागतो. तरी प्रत्येक वेळी हे लोक एक पाऊल मागे. कोणी मूर्ख आहे म्हणून नाही, तर माणसं कमी, शहर मोठं, त्यात मेयरची निवडणूक लागलीये, त्यात पी. जे. मेबी नावाचा सिरियल किलर, जो आधी दुसऱ्याच्या नावानं चक्क मेयर होऊन बसला होता आणि बरा मेयर होता म्हणतात, तो निसटतो. म्हणजे दहा आगी एकदम आणि बंब एक. ज्यांनी कुठल्याही सरकारी ऑफिसात आणीबाणीच्या वेळी काम केलंय त्यांना हे वाचून हसू पण येईल आणि घाम पण फुटेल.

आणि ड्रेड? ड्रेड काहीच करू शकत नाही. इथं वॅग्नरची खरी कमाल आहे. पस्तीस वर्षं हे पात्र एका गोष्टीवर उभं आहे, गुन्हेगार शोधा, पकडा, आत टाका. रोगाला आत टाकता येत नाही. तो नेहमीसारखाच धावतोय, गोळ्या घालतोय, माणसं पकडतोय, एकही चूक करत नाहीये, आणि त्याचा कशालाच काही उपयोग होत नाहीये. सुरुवातीच्या भागांत तो संशयितांच्या मागे असतो तेव्हा नेहमीचं ड्रेड कॉमिक वाटतं, मधे कुठेतरी ते पोलीसकथा राहतच नाही, आणि ते नक्की कुठल्या पानावर बदललं हे मला अजून नीट बोट ठेवून सांगता येत नाही.

हे मी परत वाचलं २०२० मधे, लॉकडाऊनमधे, कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे. जज लोकांना वेगळं काढायला येतात आणि लोकांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नसतो, हा भाग पहिल्या वेळी मी भराभर वाचून टाकला होता. पुण्यात राहणारीला तो भाग खरं तर नवा नाही, १८९७ च्या प्लेगमधे रँडचे सोल्जर घराघरात घुसून माणसं तपासायचे, संशय आला की सेग्रिगेशन कँपात, लोकांना रोगापेक्षा त्या पथकांची दहशत जास्त होती आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याचा शेवट काय झाला ते शाळेत सगळे शिकलोय. वॅग्नरला चाफेकर माहीत असायचं कारण नाही. पण ज्या सरकारनं इतकी वर्षं लोकांना फक्त दंडुका दाखवला त्याच सरकारनं एक दिवस "तुमच्या भल्यासाठी आलोय" म्हटलं तर लोक दार लावूनच घेणार ना, ते पुण्यात काय आणि मेगा-सिटीत काय. जजांच्या राज्याची सगळ्यात मोठी किंमत या कथेत इथं दिसते, क्रूरपणामुळे नाही तर गरजेच्या वेळी कोणी ऐकेना म्हणून.

शेवट सांगते. लस सापडत नाही. म्हणजे शहर वाचेल अशा वेळेत काहीच होत नाही. ४० कोटींमधले ३५ कोटी मरतात. २०११ च्या जनगणनेतले तीन महाराष्ट्र घ्या आणि वर अजून थोडे. उरतात ५ कोटी. शेवटचे भाग म्हणजे नुसती पडझड, एका मागोमाग एक ब्लॉक, जळणारी शहरं बघायची सवय आपल्याला होती पण इथं लढाईच नाहीये, शत्रूचं सैन्य नाहीये. बेन विल्शर आणि हेन्री फ्लिंट दोघांनी बराच भाग काढलाय, कॉलिन मॅकनील पण आहे, आणि फ्लिंटची ती किचकट, घाणेरडी, गर्दीनं भरलेली पानं या गोष्टीला जशी लागू पडलीत तसं दुसऱ्या कोणाचं पडलं नसतं. विल्शर जरा चकचकीत आहे माझ्या मते, पण त्याचं सुरुवातीला असणं बरोबरच आहे, शहर अजून धड असताना.

ढसाढसा रडणं, गुडघे टेकणं, माफी, असलं काही ड्रेड करत नाही. सिनेमावाल्यांनी ही गोष्ट केली असती तर तिथं एक मोठा डायलॉग असता, बोरिसेंको आणि ड्रेड समोरासमोर, पावसात वगैरे. इथं वाचकालाच ते दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात, तिकडे ५० आणि इकडे ३५, आणि १९८२ ला आपण कोणाच्या बाजूनं होतो ते आठवावं लागतं.

आता तक्रारी, कारण नुसती आरती ओवाळायची नाहीये. डार्क जजेसना मधे सोडायची काही म्हणजे काही गरज नव्हती. एवढा खरा वाटणारा रोग चालू आहे, लोक खरे मरतायत, आणि त्यात हे मेलेल्या मितीतले सांगाडे, मला तर वाटलं कोणीतरी दुसऱ्या कॉमिकची पानं चुकून शिवली. मेबीचा धागा मजेदार आहे पण लांबलाय. आणि मधे एक पट्टा असा आहे की एका बैठकीत पुस्तक वाचताना कंटाळा येतो, आठवड्याला पाच पानं वाचणाऱ्याला तो कदाचित जाणवला नसेल.

दादाची तक्रार वेगळी, तो म्हणतो ३५ कोटी हा आकडाच निरर्थक आहे, एवढी माणसं मेली की काही वाटत नाही. यावर आमचं कायम वाजतं. मी त्याला 'जजमेंट डे'चं उदाहरण देते. १९९२ ची गार्थ एनिसची कथा, जगभर झाँबी, ड्रेड आणि कंपनी पाच मेगा-सिट्यांवर अणुबॉम्ब टाकतात, मृतांचा आकडा ३ अब्ज. ३ अब्ज! आणि कोणाच्या लक्षात पण नाही, पुढच्या कथांमधे त्याचं ओझं कोणी वाहताना दिसत नाही. म्हणजे आकड्यात काही नाही हे दादाचं बरोबरच आहे, पण म्हणूनच 'डे ऑफ केऑस' वेगळं आहे, कारण तिथं मरण आकाशातून पडत नाही, आपण ओळखतो त्या माणसानं केलेल्या, आपण बघितलेल्या, आपल्याला आवडलेल्या एका कृत्यातून ते येतं.

आणि हे फक्त वॅग्नरच करू शकत होता असं माझं ठाम मत. पात्राचे हक्क त्याच्याकडे नाहीत, ते कंपनीकडे, २००० सालापासून रिबेलियनकडे. तरी १९८२ ला बटण दाबायला लावणारा आणि २०११ ला बिल पाठवणारा माणूस एकच. जन्म १९४९ चा, म्हणजे पहिल्या वेळी तो तिशीतला आणि दुसऱ्या वेळी साठी पार केलेला. तिशीत त्यानं शत्रूचं शहर उडवलं, साठीत स्वतःचं. दुसऱ्या कोणा तरुण लेखकानं हे केलं असतं तर लोक म्हणाले असते आला मोठा, दुसऱ्याची खेळणी मोडणारा. एझकेरा १ ऑक्टोबर २०१८ ला गेला आणि अ‍ॅलन ग्रँट २०२२ च्या जुलैमधे, त्यामुळे आता 'अपोकॅलिप्स वॉर' करणाऱ्या तिघांपैकी वॅग्नरच उरलाय.

नंतरचं काय? फ्रान्सिस्को पदावरून गेला, हर्शी परत आली, जज इतके कमी की रस्त्यावर दिसायचे नाहीत. एक विचित्र योगायोग म्हणजे २०१२ च्याच सप्टेंबरमधे ड्रेडचा दुसरा सिनेमा आला, कार्ल अर्बनवाला, चांगला होता, त्यानं अख्ख्या सिनेमात हेल्मेट काढलं नाही म्हणून दहा मार्क जास्त. त्या सिनेमात सुरुवातीलाच सांगतात ८० कोटींचं शहर. सिनेमा बघून ज्यांनी उत्साहानं ताजा अंक विकत घेतला असेल त्यांना मिळालं काय, तर ढिगारा आणि ५ कोटी. बाकीच्या लेखकांची पण पंचाईतच झाली असणार, ज्या गर्दीवर निम्मे विनोद चालायचे ती गर्दीच गेली.

पण त्याच ढिगाऱ्यातून २०१२ च्या शेवटी 'ट्रायफेक्टा' निघालं. तीन वेगवेगळ्या मालिका, तीन लेखक, अल यूइंग, सायमन स्परियर आणि रॉब विल्यम्स, एकाच अंकात आपापल्या चालू आहेत असं वाटत असताना अचानक एक आठवडा येतो आणि एका कथेतलं पात्र दुसऱ्या कथेच्या पानात शिरतं, कुठलीही जाहिरात नाही, सूचना नाही. तीनही एकच गोष्ट होत्या. पुस्तकात वाचताना ती मजा निम्मी होते, अंकात वाचणाऱ्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. दादानं तेव्हा रात्री दीडला फोन केला होता आमच्या वेळेनुसार, आणि मावशीचं काही झालं की काय म्हणून माझा जीव नुसता वरखाली.

कोणाला वाचायचं असेल तर क्रम सांगते, कारण मला हा प्रश्न सारखा येतो आणि लोक थेट 'डे ऑफ केऑस' उचलतात, मग म्हणतात नुसती मरामर आहे. आधी कम्प्लीट केस फाइल्सचा पाचवा खंड, त्यात 'ब्लॉक मेनिया' आणि 'अपोकॅलिप्स वॉर' दोन्ही आहेत, कृष्णधवल, कागद यथातथाच पण एझकेराला त्यानं काही फरक पडत नाही. मग 'ओरिजिन्स'. मग 'टूर ऑफ ड्यूटी', हे वगळू नका, फ्रान्सिस्को आणि मेबी कोण ते इथंच कळतं. मग 'डे ऑफ केऑस'चे दोन खंड, 'द फोर्थ फॅक्शन' आणि 'एंडगेम', लागोपाठ. आणि मग 'ट्रायफेक्टा', तोंडाची चव बदलायला. 'जजमेंट डे' नाही वाचलंत तरी चालेल, दादाला सांगू नका फक्त.